कुणाच्या सांगण्यावरून

मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाचा एक उमेदवार व्हिडिओ काढून लोकांना सांगू लागला, की आता मला पैसे पाठवू नका. झोहरान ममदानी त्याचं नाव. वय तेहतीस, चित्रपट दिग्दर्शिका मीरा नायर यांचा मुलगा. डेमोक्रॅटिक पक्षाची अंतर्गत निवडणूक जूनमध्ये होती. खर्चाची जी मर्यादा त्याने स्वीकारली होती, सुमारे 80 लाख डॉलर, ती भरेल इतकी रक्कम पदरात पडणार हे तेव्हाच नक्की झालं होतं. उमेदवार ‘पुरे’ म्हणतो म्हटल्यावर बातमी होणारच, आणि ती झाली.

दोनेक महिन्यांनी त्याने पुन्हा पैसे मागितले, तेव्हा मात्र मी कान टवकारले. कारण या वेळी तो मागत होता प्रतिस्पर्ध्यासाठी. एड्रियन अ‍ॅडम्स या तेव्हा शहराच्या विधिमंडळाच्या सभापती. त्याच निवडणुकीत, त्याच पदासाठी उभ्या. त्या रिंगणात उशिरा उतरल्या होत्या आणि पैशाची चणचण होती. ममदानीने आपल्या देणगीदारांना सांगितलं, मला द्यायचे ते यांना द्या. यात साधुत्व कमी आणि गणित जास्त होतं. न्यूयॉर्कच्या अंतर्गत निवडणुकीत मतदार पहिली, दुसरी, तिसरी अशी पाच पसंतीपर्यंत नावं लिहितो. दोघांचाही खरा सामना माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांच्याशी होता. कुओमोंच्या बाजूने ‘फिक्स द सिटी’ नावाच्या स्वतंत्र गटाने अडीच कोटी डॉलरच्या आसपास रक्कम उभी केली होती आणि त्यातले 83 लाख एकट्या मायकेल ब्लूमबर्ग यांचे होते. कुओमोंना अडवायचं तर इतर उमेदवारही तग धरून राहायला हवे होते.

लोकांनी ऐकलं, पैसे दिले. अ‍ॅडम्स चौथ्या आल्या, ममदानी अखेरच्या फेरीत 56 टक्के मतं घेऊन जिंकला आणि नोव्हेंबरात महापौर म्हणून निवडून आला. निकाल बाजूला ठेवू. मला त्या घटनेत दिसलं ते असं, की लोकवर्गणीच्या राजकारणावर जेवढं लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक देणाऱ्याबद्दल असतं. किती लोकांनी दिले, सरासरी किती दिले, छोटे किती, मोठे किती. देणारा कुणाच्या सांगण्यावरून देतो, हे कुणी फारसं विचारत नाही. गणपतीच्या वर्गणीला दार उघडल्यावर आपण पावतीपुस्तकाआधी ते धरणाऱ्याचा चेहरा बघतो. कोपऱ्यावरचा ओळखीचा मुलगा असेल तर आकडा वेगळा, नवखा असेल तर वेगळा. अमेरिकी निवडणुकीत गेल्या चाळीस वर्षांत जे बदललं ते मुख्यतः पावतीपुस्तक कुणाच्या हाती, हे.

ही गोष्ट सुरू करावी लागते 1985 साली, वॉशिंग्टनमधल्या एका घराच्या तळघरात. एलन माल्कम नावाच्या बाईंनी आपल्या पंचवीसेक मैत्रिणींना बोलावलं होतं. येताना पत्त्यांच्या डायऱ्या घेऊन या, असा निरोप होता. आयबीएमच्या संस्थापकांपैकी एकाची ही पणती. घरात पैसा होता आणि ती तो बरीच वर्षं निनावी देत आली होती. तिला खुपत होतं ते 1982 सालचं एक अपयश. मिझुरीतून सिनेटसाठी उभ्या राहिलेल्या हॅरिएट वुड्स थोडक्या मतांनी हरल्या होत्या आणि शेवटच्या टप्प्यात त्यांचा पैसा संपला होता. तोवर डेमोक्रॅटिक पक्षाची एकही स्त्री स्वतःच्या बळावर सिनेटमध्ये गेली नव्हती. पक्षातले पुरुष म्हणत, बाई जिंकण्यासारखी दिसली तर पैसे देऊ. बायका म्हणत, पैसे असते तर जिंकण्यासारख्या दिसलो असतो.

माल्कमबाईंनी काढलेल्या संस्थेचं नाव एमिलीज लिस्ट. त्यात कुणी एमिली नाही. ‘लवकर आलेला पैसा खमिरासारखा असतो’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्याची ती आद्याक्षरं. काम करण्याची पद्धत अशी: सभासद होताना 100 डॉलर भरायचे आणि संस्थेने शिफारस केलेल्यांपैकी किमान दोन उमेदवारांना प्रत्येकी 100 डॉलर देण्याचं कबूल करायचं. धनादेश उमेदवाराच्या नावाने लिहायचा, पण पाठवायचा संस्थेकडे. संस्था ते धनादेश एकत्र बांधून उमेदवाराच्या हातात ठेवणार.

या बांधण्यात सगळी मेख होती. वॉटरगेटनंतर 1974 साली झालेल्या कायद्याने देणग्यांवर मर्यादा घातल्या होत्या. व्यक्तीने एका उमेदवाराला एका निवडणुकीत 1,000 डॉलर, राजकीय समितीने 5,000. एमिलीज लिस्टने स्वतःच्या नावाने पैसे दिले असते तर 5,000 वर हात आखडावा लागला असता. पण धनादेश सभासदांचे होते आणि कायद्याच्या लेखी संस्था फक्त पोचवणारी होती. त्यामुळे प्रत्येक धनादेश त्या त्या बाईच्या मर्यादेत मोजला जाई. शंभर-शंभराचे पाचशे धनादेश एका लिफाफ्यातून आले, तर ते पन्नास हजार डॉलर कुणाचे? हिशेबवहीत पाचशे जणींचे. उमेदवार मात्र ते कुणामुळे आले हे विसरत नाही. 1986 मध्ये मेरीलँडच्या बार्बरा मिकुल्स्की सिनेटमध्ये गेल्या आणि 1992 मध्ये, सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलेल्या न्यायाधीशावर लैंगिक छळाचा आरोप करणारी अनिता हिल यांची जबानी देशाने दूरचित्रवाणीवर पाहिल्यानंतर, संस्थेची सभासदसंख्या वर्षभरात काही हजारांवरून वीस हजारांच्या पुढे गेली.

एमिलीज लिस्टचा पाठिंबा म्हणजे निवेदन काढून, हार घालून मोकळं होणं नव्हे. पाठिंबा जाहीर झाला की पत्रं सुटत आणि पत्रांमागून पैसे येत. आपल्याकडे ‘जाहीर पाठिंबा’ हा शब्द वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या चौकटीतला. तिथे तो हुंडीसारखा वटतो.

मोठ्या लोकांनीही हेच तंत्र उचललं, आपल्या पद्धतीने. जॉर्ज बुश यांच्या 2000 सालच्या मोहिमेत एक लाख डॉलर गोळा करून देणाऱ्याला ‘पायोनियर’ म्हणत, 2004 मध्ये दोन लाखवाल्याला ‘रेंजर’. प्रत्येक मागणाऱ्याला एक क्रमांक दिलेला असे आणि त्याच्या ओळखीच्यांनी धनादेशावर तो क्रमांक टाकायचा, म्हणजे श्रेय चुकीच्या खात्यावर जायला नको. यांतले काही पुढे राजदूत झाले. पैसा सगळा कायदेशीर होता. कोणाही एकाने मर्यादेपलीकडे दिलं नव्हतं, फक्त मागितलं होतं. 2007 मध्ये कायदा थोडा हलला: नोंदणीकृत लॉबिस्ट असे धनादेश गोळा करत असेल तर त्याचं नाव उमेदवाराने जाहीर करावं. लॉबिस्ट नसेल तर सांगण्याची सक्ती नाही. देणाऱ्याची जमा रक्कम 200 डॉलरच्या वर गेली की त्याचं नाव, गाव, धंदा, मालक, सगळं सार्वजनिक होतं. मागणाऱ्याला ती वही बहुतेक वेळा ओळखत नाही.

इंटरनेट आलं तेव्हा वाटलं, मधला माणूस गेला. त्या वाटण्याला हॉवर्ड डीन जबाबदार. व्हरमाँटसारख्या चिमुकल्या राज्याचा हा माजी गव्हर्नर 2003 मध्ये अध्यक्षपदासाठी उभा राहिला, इराक युद्धाला रोखठोक विरोध करत. त्याचा प्रचारप्रमुख जो ट्रिपी याने संकेतस्थळावर एका बेसबॉल खेळाडूचं चित्र टाकलं, हातातली बॅट रकमेनुसार भरत जाणारी. त्या जुलैत उपाध्यक्ष डिक चेनी साउथ कॅरोलायनात 2,000 डॉलर ताटाचं भोजन घेऊन निधी जमवत होते. डीनने त्या दिवसांत संगणकापुढे बसून टर्की सँडविच खाल्लं आणि लोकांना म्हटलं, माझ्याबरोबर जेवा. चेनींच्या पंगतीत जमले तीन लाखांच्या आसपास. डीनकडे साडेनऊ हजारांच्या वर लोकांनी मिळून पाच लाखांहून अधिक पाठवले.

हा किस्सा सगळे सांगतात. त्याच वर्षाच्या शेवटाला घडलेला दुसरा फारसा कुणी सांगत नाही. आयोवातले काँग्रेस सदस्य लिओनार्ड बॉस्वेल अडचणीत होते. डीनच्या मोहिमेने आपल्या देणगीदारांना लिहिलं, या आठवड्यात आम्हाला नको, यांना द्या. ज्यांनी बॉस्वेल हे नावही ऐकलं नसेल अशा देशभरच्या लोकांनी सुमारे 50 हजार डॉलर पाठवले. डीन पुढच्या जानेवारीत आयोवातच तिसरा आला, निकालाच्या रात्रीच्या भाषणात पुढे थट्टेचा विषय झालेली आरोळी ठोकली आणि संपला. पण पत्त्यांची यादी ही दुसऱ्याला उसनी देता येणारी मालमत्ता आहे, हे तोवर कळून चुकलं होतं.

2004 च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समध्ये बेंजामिन रान आणि मॅट डीबर्गालिस या दोन तरुणांनी अ‍ॅक्टब्लू सुरू केलं. आपल्याकडे पेटीएमचं यंत्र जसं प्रत्येक टपरीवर दिसतं तसं ते आज डेमोक्रॅटिक पक्षाच्या जवळपास प्रत्येक उमेदवाराकडे असतं, 3.95 टक्के प्रक्रियाशुल्क घेतं आणि आतापर्यंत पंधरा अब्ज डॉलरहून जास्त रक्कम त्यातून गेली आहे. रिपब्लिकनांनी त्याच तोडीचं विनरेड काढायला 2019 उजाडलं. अ‍ॅक्टब्लूवर एक सोय सुरुवातीपासून होती. कुणीही, अक्षरशः कुणीही, आपल्या पसंतीच्या चार-सहा उमेदवारांची यादी लावून पान तयार करायचं आणि मित्रांना दुवा पाठवायचा. दिलेली रक्कम त्या नावांत वाटली जाते. माल्कमबाईंना तळघर, पंचवीस मैत्रिणी आणि टपालाची तिकिटं लागली होती. आता तेच काम एखादी शाळामास्तरीण रात्री जेवण झाल्यावर करू शकते. कायद्याच्या भाषेत अ‍ॅक्टब्लूही पोचवणारीच संस्था. त्यातून एक गंमत झाली. उमेदवाराला थेट दहा डॉलर दिले तर तुमचं नाव कुठे छापून येत नाही. अ‍ॅक्टब्लूमधून दिले तर एक डॉलरही नावानिशी सरकारदरबारी नोंदला जातो.

पुढची कथा सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून भरभर सांगतो. बराक ओबामांनी 2008 मध्ये सरकारी निधी नाकारला आणि सप्टेंबर या एका महिन्यात 15 कोटी डॉलर जमवले. छोट्या देणग्यांची क्रांती, असा गाजावाजा झाला. कॅम्पेन फायनान्स इन्स्टिट्यूटने निवडणूक संपताच हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की ज्यांची एकूण देणगी 200 डॉलरपर्यंत राहिली अशांचा वाटा साधारण चतुर्थांश होता. चार वर्षांपूर्वी बुश यांचाही जवळपास तेवढाच. पन्नास-पन्नास करत हजारापर्यंत गेलेले लोक पुष्कळ होते. छोटी देणगी आणि छोटा देणगीदार या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

त्या अर्थाने बर्नी सँडर्स अधिक अस्सल. 2016 मध्ये त्याने ‘सरासरी 27 डॉलर’ ही घोषणाच करून टाकली. सभेत तो ‘सरासरी देणगी किती?’ विचारी आणि मैदान उत्तर देई. न्यू हॅम्पशायर जिंकल्यावर त्याने व्यासपीठावरूनच सांगितलं, की मी आत्ता, इथेच निधीसंकलन करतो आहे. त्याच्या मोहिमेच्या सांगण्यानुसार पुढच्या चोवीस तासांत 60 लाखांहून जास्त आले. पण माझ्या विषयासाठी महत्त्वाचा आहे तो त्या एप्रिलमधला ईमेल. स्वतःची लढत ऐन भरात असताना सँडर्सने आपल्या यादीला तीन जणींची नावं दिली: न्यूयॉर्कच्या झेफायर टीचआउट, नेवाडाच्या लूसी फ्लोरेस आणि सिएटलच्या प्रमिला जयपाल. एका ईमेलसरशी तिघींच्या खात्यात देशभरातून पैसे आले. फ्लोरेस पक्षांतर्गत फेरीतच हरल्या, टीचआउट नोव्हेंबरात हरल्या, चेन्नईत जन्मलेल्या जयपाल निवडून गेल्या. देणाऱ्यांपैकी किती जणांना या तिघींचा मतदारसंघ नकाशावर दाखवता आला असता? त्यांचा भरवसा सँडर्सवर होता आणि त्या भरवशावर ते तीन परक्या स्त्रियांना पैसे देत होते. मला यात वाईट काही दिसत नाही. पण ‘जनतेने उभा केलेला उमेदवार’ हे वर्णन अशा वेळी जरा सैल पडतं.

ईमेल लिहिणं हा तोवर स्वतंत्र धंदा झाला होता. ओबामांच्या 2012 च्या मोहिमेत एकाच आवाहनाचे अनेक मसुदे थोड्या लोकांना पाठवून बघत आणि जास्त पैसे आणणारा सगळ्यांना सोडत. ‘माझ्यापेक्षा त्यांचा खर्च जास्त होणार’ अशा शीर्षकाच्या एका ईमेलने 26 लाख डॉलर आणले. अध्यक्षपदावरचा माणूस काकुळतीला येतो हे लोकांना भावतं, हा धडा सगळ्यांनी गिरवला. आज निवडणुकीच्या हंगामात अमेरिकन माणसाचा फोन दिवसभर किणकिणतो: मध्यरात्रीपर्यंतच मुदत, तुमचं नाव यादीत दिसलं नाही, आम्ही हरतोय. आशेपेक्षा भीतीला जास्त पैसे मिळतात आणि भीतीहून रागाला.

रागाच्या पैशाची दोन उदाहरणं. 2020 मध्ये केंटकीत रिपब्लिकन सिनेटर मिच मॅकॉनेल यांच्याविरुद्ध एमी मॅकग्रा यांनी 9 कोटींच्या आसपास डॉलर जमवले आणि जवळजवळ वीस टक्क्यांनी हरल्या. साउथ कॅरोलायनात लिंडसे ग्रॅहम यांच्याविरुद्ध जेमी हॅरिसन यांना एका तिमाहीत 5 कोटी 70 लाख मिळाले. सिनेटच्या कुठल्याही उमेदवाराला तोवर तिमाहीत एवढे मिळाले नव्हते. तेही दहा टक्क्यांनी पडले. त्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग गेल्या आणि अ‍ॅक्टब्लूवर साधारण 28 तासांत 9 कोटींहून अधिक ओघ आला. देणाऱ्यांना हॅरिसन किंवा मॅकग्रा निवडून येतील अशी आशा नसावी. मॅकॉनेल आणि ग्रॅहम यांच्यावरचा संताप कुठेतरी ओतायचा होता. अशा वेळी मागणारा म्हणून काम करतो तो शत्रू. त्याच वर्षी राज्यांच्या विधिमंडळांसाठी लढणारे शेकडो उमेदवार काही हजार डॉलरसाठी फोन फिरवत होते. त्यांच्या विरोधकाचा चेहरा देशाला माहीत नव्हता.

आणि मग पक्षांनी या वर्गणीला परीक्षेचा गुण बनवलं. 2019 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने ठरवलं, की वादसभेत उभं राहायचं तर किमान 65,000 देणगीदार किंवा जनमत चाचण्यांत ठराविक पसंती दाखवा. पुढे ती अट 1,30,000 झाली. रकमेला महत्त्व नाही, डोकी मोजायची. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला, की अब्जाधीश टॉम स्टायर यांनी एकेका डॉलरचे देणगीदार मिळवण्यासाठी फेसबुकवरच्या जाहिरातींत लाखो डॉलर ओतले. रिपब्लिकन पक्षाने 2023 मध्ये 40,000 ची अट घातली तेव्हा नॉर्थ डकोटाचे धनाढ्य गव्हर्नर डग बर्गम यांनी तर लाजच सोडली. एक डॉलर द्या, आम्ही वीस डॉलरचं गिफ्ट कार्ड पाठवतो! विवेक रामस्वामी यांनी जाहीर केलं, माझ्यासाठी पैसे आणेल त्याला दहा टक्के दलाली. बर्गम पात्र ठरले, वादसभेच्या आदल्या दिवशी बास्केटबॉल खेळताना पाय दुखावून घेतला, तरी मिलवॉकीच्या मंचावर उभे राहिले आणि डिसेंबरात शर्यतीतून बाहेर पडले. आपल्याकडे मतदाराला पाकीट देतात. तिथे देणगीदाराला दिलं, आणि कायद्याने त्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

डोनाल्ड ट्रम्प यांच्या 2020 च्या मोहिमेने केलेला प्रकार हसण्यासारखा नाही. देणगीच्या पानावर ‘हीच रक्कम दर आठवड्याला कापा’ या चौकोनात आधीच खूण केलेली असे आणि ती काढायची तर ठळक अक्षरांतला भलामोठा मजकूर वाचून मग खाली बघावं लागे. पुष्कळांनी वाचला नाही. म्हाताऱ्या माणसांची खाती रिकामी झाली, बँकांकडे तक्रारींचा खच पडला. न्यूयॉर्क टाइम्सने 2021 मध्ये हिशेब मांडला, की ट्रम्प यांची मोहीम, पक्ष आणि त्यांची सामाईक खाती यांना त्या निवडणुकीतले 12 कोटी 20 लाख डॉलर परत करावे लागले. पैसे परत मिळाले खरे, पण निवडणुकीच्या तोंडावर ते बिनव्याजी वापरून झाले होते. निवडणूक आयोगाने अशा आगाऊ खुणांवर बंदी घालावी, अशी शिफारस काँग्रेसला एकमताने केली. एकमत ही त्या आयोगात दुर्मीळ गोष्ट. त्यावरच्या सहा सदस्यांपैकी तिनाहून जास्त एका पक्षाचे असूच शकत नाहीत.

या सगळ्यात न्यूयॉर्कची पद्धत मला शहाणी वाटते, कारण तिला शेवट आहे. शहरातल्या रहिवाशाने दिलेल्या देणगीच्या पहिल्या 250 डॉलरवर नगरपालिका आठपट भर घालते. दहा दिले तर उमेदवाराला नव्वद मिळतात. बाहेरगावच्या देणगीवर काही नाही. बदल्यात उमेदवार खर्चाची मर्यादा मान्य करतो. म्हणून तर ममदानीला थांबा म्हणता आलं. मर्यादा नसलेला उमेदवार कधीच थांबा म्हणत नाही. कमला हॅरिस यांच्या मोहिमेने 2024 मध्ये तीन महिन्यांच्या आत अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला आणि निकालानंतरही मागणीचे ईमेल येतच राहिले. शहरी व्यवस्थेचं भोकही तिथेच दिसलं: कुओमोंनाही ती मर्यादा होती, ‘फिक्स द सिटी’ला नव्हती. कारण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये सांगितलं, की निवडणुकीत पैसा खर्च करणं हा अभिव्यक्तीचा भाग, त्यावर सक्तीची मर्यादा नको; 2010 मध्ये कंपन्यांनाही ती मोकळीक मिळाली.

आपली तऱ्हा नेमकी उलटी. अमेरिकेत देणाऱ्याला मर्यादा (सध्या एका निवडणुकीत एका उमेदवाराला 3,500 डॉलर), खर्च करणाऱ्याला नाही. आपल्याकडे लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाखांपर्यंतची मर्यादा, पण पक्षाच्या खर्चाला नाही आणि पक्षाला देणाऱ्या व्यक्तीलाही नाही. वीस हजारांच्या आतल्या देणगीदाराचं नाव आयोगाला कळवावं लागत नाही. निवडणूक रोख्यांनी तर मोठ्यांचीही नावं झाकली होती, ती 15 फेब्रुवारी 2024 च्या निकालाने उघडी पडली. लोकवर्गणीची आठवण मात्र आपल्याकडे जुनी आहे. टिळक स्वराज्य फंडासाठी 1921 मध्ये एक कोटी रुपये जमले ते गांधींच्या शब्दावर आणि टिळकांच्या नावावर. हातकणंगले-शिरोळच्या ऊसपट्ट्यात राजू शेट्टींनी ‘एक व्होट, एक नोट’ म्हणत निवडणुका लढवल्या. तिथे नोट मागणारा आणि व्होट मागणारा एकच असे आणि तो ऊसदराच्या आंदोलनात शेजारी बसलेला असे. नोव्हेंबर 2013 मध्ये आम आदमी पक्षाने 20 कोटी झाल्यावर दिल्ली निवडणुकीसाठीच्या देणग्या थांबवल्या होत्या. ममदानीच्या व्हिडिओची अकरा वर्षं आधीची आवृत्ती म्हणा. पुढे तो संयम टिकला नाही.

अमेरिकेतल्या मराठी माणसाचं या व्यवहारातलं स्थान मजेशीर आहे. एच-वन-बी व्हिसावर असाल तर अमेरिकी उमेदवाराला एक डॉलरही देणं गुन्हा. ग्रीन कार्ड हातात पडलं की मत नाही, पण देणगी चालते. म्हणजे कित्येक घरांत मतदार होण्याआधी पाच-सात वर्षं माणूस देणगीदार असतो. मराठी मंडळं ही बहुधा करमुक्त धर्मादाय संस्था. त्यांना 1954 पासून कुणाचा प्रचार करायला बंदी आहे. गणेशोत्सवात उमेदवार येतो, आरतीला उभा राहतो, फोटो काढतो. पावतीपुस्तक निघतं ते नंतर, कुणाच्या तरी घरच्या दिवाणखान्यात. मागणारा तिथेही ओळखीचाच लागतो.

श्री ठाणेदारांनी ही मागण्याची भानगडच ठेवली नाही. चिकोडीत जन्म, बेळगावात वाढलेले, रसायनशास्त्रात डॉक्टरेट, मग अमेरिकेत कंपनी, दिवाळखोरी, पुन्हा कंपनी. ‘ही श्रीची इच्छा’ हे त्यांचं आत्मकथन आपल्याकडे घरोघरी वाचलं गेलं. 2018 मध्ये ते मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाकडून उतरले आणि खिशातले सुमारे एक कोटी डॉलर घातले. पक्षांतर्गत फेरीत तिसरे आले. 2022 मध्ये डेट्रॉइट परिसरातून काँग्रेससाठी उभे राहिले, पुन्हा मुख्यतः स्वतःचा पैसा. नऊ उमेदवारांच्या गर्दीत 28 टक्के मतांवर पक्षाची उमेदवारी मिळवली आणि निवडून गेले. स्वतःचा पैसा घालायला अमेरिकेत मर्यादा नाही. मी कुणाचा मिंधा नाही, असं अशा उमेदवाराला म्हणता येतं आणि ते खोटंही नसतं. पण ज्याला कुणी पैसे दिले नाहीत त्याच्यासाठी कुणी फोनही फिरवलेले नसतात. वीस डॉलर देणारा माणूस शेजाऱ्याला त्याच्याबद्दल सांगतो, मतदानाला हमखास जातो. ठाणेदारांना ही फौज दरवेळी जाहिरातींतून विकत घ्यावी लागली.

दुसरं टोक सिएटलला, आणि तेही आपल्याच भागातून गेलेलं. क्षमा सावंत पुण्यात जन्मल्या, मुंबईत वाढल्या, मुंबई विद्यापीठातून संगणकशास्त्र शिकून अमेरिकेत अर्थशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. 2013 मध्ये उघड समाजवादी म्हणून सिएटलच्या नगरपरिषदेवर निवडून आल्या आणि ताशी 15 डॉलर किमान वेतनाचा कायदा करून घेण्यात पुढे होत्या. सिएटलने 2015 मध्ये मतदान घेऊन एक योजना स्वीकारली, ती 2017 पासून चालू आहे आणि 2025 मध्ये मतदारांनी तिला पुन्हा कौल दिला. प्रत्येक पात्र रहिवाशाला टपालाने 25 डॉलरची चार कुपनं येतात. ती आवडत्या उमेदवाराला द्यायची, पैसे नगरपालिका मालमत्ता करातून भरते. ग्रीन कार्डवाल्यालाही ती मिळतात. बहुसंख्य घरांत ती तशीच पडून राहतात. खिशाला झळ न बसताही लोक देत नाहीत, कारण मागायला कुणी आलेलं नसतं. ज्या मोहिमेकडे दारोदार हिंडणारी पोरं जास्त, तिच्याकडे कुपनं जास्त.

सावंतांनी 2019 मध्ये ही कुपनं घेतली नाहीत. कुपनं घेतली की खर्चाची मर्यादा येते आणि समोर शहरातली बलाढ्य कंपनी अ‍ॅमेझॉन होती. मग त्यांनी छोट्या देणग्या मागितल्या, त्यांतला मोठा वाटा सिएटलच्या बाहेरून आला आणि विरोधकांनी त्यावरून त्यांना टोचून घेतलं. ते टोचणं अगदीच गैरलागू नव्हतं. नगरसेविका गल्लीची आणि देणगीदार देशभरचे. पण ऑक्टोबरात अ‍ॅमेझॉनने स्थानिक व्यापारी संघटनेच्या निवडणूक समितीला आणखी दहा लाख डॉलर दिले, एकूण आकडा पंधरा लाखांच्या घरात गेला आणि नगरपरिषदेच्या निवडणुकीची बातमी देशभर झाली. अध्यक्षपदाच्या शर्यतीत असलेले सँडर्स आणि एलिझाबेथ वॉरन दोघंही अ‍ॅमेझॉनवर तुटून पडले. मतमोजणीच्या पहिल्या रात्री सावंत मागे होत्या, आठवडा संपेपर्यंत पुढे गेल्या. व्यापारी संघटनेने पाठिंबा दिलेल्या सातांपैकी दोघेच निवडून आले. सावंतांसाठी त्या मोसमात सगळ्यात जोरात पैसे मागितले कुणी, असं मला विचाराल तर मी अ‍ॅमेझॉनचं नाव घेईन. कंपनीने धनादेश फक्त दुसऱ्यांच्या नावाने काढला होता.